हातावरचं पोट

मोठी तीथ होती, एका दिवसात दोन वराती.
दांडेकर पुलापाशी घोडी अडली,
नवरदेवाचे मित्र नाचायला थांबले,
मी फोनियमला तोंड लावून वरचा सूर धरला
आणि छातीच्या मधोमध कुणीतरी निखारा ठेवला.
वायदंडे कॉर्नेट काढून म्हणाला, "हार्ट असंल, बस खाली."
बसलो नाही. वरात दारात पोचल्याशिवाय
उरलेले पैसे मिळत नाहीत.

रात्री दवाखान्यात कागदावर काळजाच्या रेघा निघाल्या,
सगळ्या चालीत, एक मात्रा चुकलेली नाही.
मग आठ महिने हे जळत होतं ते काय?
आठ महिने खिशात सोड्याच्या पुड्या,
रात्री दोनला उठून मोरीत आंबट पाण्याची चूळ,
आणि सुलन विचारायची तेव्हा, "काही नाही, भजी बाधली."
पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही, आई म्हणायची.
मी बोललो नाही.
ते आपणहून येत होतं.

मुनोत डॉक्टरबाईंनी डाव्या कुशीवर निजवलं.
घशात कडू फवारा, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं.
एकतीस वर्षं या तोंडातून हवा बाहेर गेली,
आज पहिल्यांदा कुणी दिवा घेऊन आत उतरलं.
नर्स पाठ थोपटत होती, "काका, श्वास घ्या, नाकानं घ्या."
मला! श्वास शिकवत होती!

मग बाईंनी पावतीच्या मागे चित्र काढलं.
ही छाती, हे पोट, मधे हा पडदा,
ज्याच्या जोरावर तुम्ही वाजवता.
पडद्याला एक भोक, अन्ननलिका जाण्यापुरतं.
ते सैल झालंय. जठराचा वरचा भाग
तिथून छातीत सरकतो, झडप नीट मिटत नाही,
आम्ल वर येतं. हायटस हर्निया.
"फुंकून झालं?"
"वय, वजन, पोटावरचा जोर. एकावर बोट नाही ठेवता येत."

आजा हलगी वाजवायचा, बाप क्लॅरिनेट.
आमच्या घरात पोट कायम हातावर.
ते छातीत कधी चढलं, कळलं नाही.

"कापावं लागंल का?"
"आत्ता नाही. घास अडकला, रक्त पडलं,
गोळ्यांनी भागलं नाही, तर बघू."
सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल.
तंबाखू बंद. वजन सहा किलो कमी.
थोडं थोडं खा, आणि जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही.
मी हसलो. बाई, आम्हाला पान वाढतात
पंगत उठल्यावर, बाराला,
गार मसालेभात, जिलबीचा चुरा,
आणि टेम्पोत ढोल चढेस्तोवर डोळे मिटलेले असतात.
त्या हसल्या नाहीत. "पट्टा दाखवा," म्हणाल्या.

पितळी बक्कलचा पट्टा, लाल कोट, सोनेरी झालर.
मालकानं शिवून दिला तेव्हा मी तेवीस वर्षांचा.
सुलननं त्याच रात्री शिवण उसवली,
कडेला दुसऱ्याच लाल रंगाची पट्टी जोडली.
भाच्यानं बांधकामावरून चार विटा आणल्या,
कॉटच्या उशाच्या पायांखाली दोन दोन.
उशा रचून चालत नाही, पोट दुमडतं.
आता अख्खं गंजपेठेतलं आमचं झोपणं उतारावर.
"तुमच्या पोटापायी," सुलन म्हणते,
"मी रोज रात्री सिंहगड उतरते."

आता सात वाजता जनरेटरच्या गाडीमागे
डबा उघडतो. दोन भाकऱ्या, दुधी.
पोरं चिडवतात, आजोबांची पंगत बसली.
वरचे सूर वायदंडेचा पोरगा घेतो.
मी खालचे. ते कुणाला ऐकू येत नाहीत,
पण सोडून बघा, वरात लंगडते.
जळजळ गेली म्हणत नाही. कधी कधी येते,
चहा झाला की, किंवा कुणी पैसे बुडवले की.

एकला घरी येतो, वाद्य भिंतीला टेकवतो.
सुलन कॉटच्या पायथ्याशी पोचलेली असते.
ओझं उचलायला बाईंची मनाई आहे,
म्हणून नुसती हाक मारतो, खालच्या पट्टीत.
ती डोळे न उघडता
चढून वर येते.